घर बंद होतं म्हणे!

या वेळचं पत्र गुहागर तालुक्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, आमची वाडी अगदी खाली, समुद्राच्या अंगाला. घरी मी, हे आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. मुलगा पुण्यात नोकरीला. सासऱ्यांचे डायपर, शुगर मोजायच्या पट्ट्या, हवेची गादी, सगळं तो तिकडून ऑनलाइन मागवतो. गेल्या चार महिन्यांत तीन पार्सलं परत गेली. 'घर बंद होतं' असा मेसेज मुलाला जातो आणि त्या वेळी मी पडवीत डाळ निवडत बसलेली असते! गादीचं पार्सल तर साताऱ्याला फिरून परत गेलं. आषाढात तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझा तोल गेला. मुलाकडून नंबर घेऊन कुरिअरच्या पोराला फोन लावला आणि नको नको ते बोलले. बोलता बोलता कळलं की पोरगा आमच्याच गावच्या वरच्या वाडीतला. तरी थांबले नाही, उलट 'तुझा बाप असा खोटारडा नव्हता' असंही सुनावलं. आता त्याची आई बचत गटात माझ्या शेजारी बसत नाही. मुलगा म्हणतो, 'म्हणून सांगतो, सगळे पुण्याला या.' माझं चुकलं का? आणि चुकलं असेल तरी डायपर कसे आणायचे ते सांगा. – पडवीत बसलेली"

पडवीतल्या ताई,

चुकलं का, ते नंतर. आधी डायपर.

घरातले संपत आले की मग ऑर्डर टाकायची ही पुण्यातली सवय. तिथे सकाळी मागवलेलं संध्याकाळी दारात येतं. आपण मे महिन्यात काय करतो? आगोट भरतो. सुकट, सोडे, कांद्याच्या माळा, पापड, मिरच्या, पावसात जे जे अडेल ते सगळं माळ्यावर जातं. पुढच्या वर्षापासून त्या यादीत डायपरची खोकी घाला. कोरडी जागा बघा म्हणजे झालं. शुगरच्या पट्ट्यांचं तसं नाही. त्यांना मुदत असते, डबी उघडली की ती आणखी कमी होते, आणि आपल्याकडची दमट हवा त्यांना सोसत नाही. त्या थोड्या थोड्याच आणा, झाकण घट्ट लावा.

या वर्षीची आगोट गेली, श्रावण लागला. तेव्हा आत्ता शृंगारतळीच्या किंवा चिपळूणच्या औषधाच्या दुकानात फोन करा, सासऱ्यांच्या मापाचे आहेत का विचारा, नसले तर मागवून ठेवायला सांगा. तुमच्या गावातून कोणी ना कोणी रोज चिपळूणला जात असणारच. दोन पैसे जास्त पडतील, पडू देत. गणपतीच्या आधी हे उरका, कारण त्या दिवसांत मुंबई–गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी असते, माल तिथल्या तिथे अडकतो आणि उरलेला रस्ता चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेला असतो. कुंभार्ली घाटात दरड आली तर मग बोलायलाच नको. 'गुरुवारपर्यंत मिळेल' असं स्क्रीनवर लिहिणाऱ्या कॉम्प्युटरने घाटातला पाऊस पाहिलेला नाही. आणि रोजच्या गोळ्या? त्या कुरिअरच्या भरवशावर अजिबात ठेवू नका.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द. दोनदा वाचल्यावर लक्षात आला. 'मेसेज मुलाला जातो.'

मुलालाच का जातो? कारण ऑर्डर त्याच्या खात्यावरून होते आणि पार्सलवर नंबर छापलेला असतो त्याचा. म्हणजे कुरिअरचा पोरगा पाखाडीच्या, म्हणजे वाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी गाडी उभी करून फोन लावतो तो पुण्याला. मुलगा मीटिंगमध्ये. अनोळखी नंबर, उचलत नाही. पोरगा पुन्हा लावतो, तिसऱ्यांदा कशाला लावेल? त्याच्या मोबाइलमध्ये पार्सल का दिलं नाही याची कारणं ठरलेली असतात: ग्राहक फोन उचलत नाही, घर बंद, पत्ता अपुरा, ग्राहकाने तारीख पुढे ढकलली. 'पाखाडी बघून पाय मागे घेतला' असं कारण त्या यादीत नसतं. मग बोट पडतं 'घर बंद'वर. असं दोन-तीनदा झालं की पार्सल आपोआप परतीच्या रस्त्याला लागतं. तुम्ही खाली डाळ निवडताय, वर रस्त्यावर गाडी येऊन गेली, आणि दोघांच्या मधे दीडशे पायऱ्यांची पाखाडी आणि पुण्यातला न उचललेला एक फोन. हे मी अंदाजाने सांगते आहे, पण मुलाला त्या तीन दिवसांचे मिस्ड कॉल बघायला सांगा. माझा अंदाज खोटा ठरला तर मला जरूर कळवा.

फोनच आला नसेल तर गोष्ट वेगळी. मग पोरगा वर रस्त्यापर्यंतही आला नव्हता आणि घरबसल्या 'घर बंद' ठोकून मोकळा झाला होता. असंही होतं, सर्रास होतं. पुष्कळ ठिकाणी या पोरांना पगार नसतो, दिलेल्या पार्सलमागे ठरलेले पैसे, पेट्रोल पदरचं. आणि पेट्रोलने लिटरला शंभरी कधीच ओलांडली. एका पार्सलसाठी आडवाटेच्या वाडीत जाऊन यायचं म्हणजे हातात काही उरत नाही. म्हणून तो चार पार्सलं साठायची वाट बघतो आणि रोज संध्याकाळी ऑफिसला काहीतरी कारण कळवतो. खोटं ते खोटंच, मी त्याला खरं म्हणणार नाही. पण ते खोटं त्याच्या तोंडात कोणी घातलं, तेही बघा.

हा पुढचा परिच्छेद मुलाला फॉरवर्ड करा.

बाळा, आईसाठी मागवतोस हे चांगलंच आहे. फक्त पत्त्याच्या रकान्यात मोबाइल नंबर आईचा टाक, आणि दुसऱ्या नंबरच्या जागी बाबांचा. तुझा नको. तुझ्या खात्यात तिचा पत्ता वेगळा साठवून ठेवता येतो, नंबरासकट. पैसे आधीच भर, आईला सुट्टे मोजायला लावू नकोस. पार्सल निघालं की तारीख तिला फोन करून सांग, मेसेज नको. आणि ज्या दिवशी पार्सल पोचायचं असेल त्या दिवशी अनोळखी नंबर उचल, मीटिंग असली तरी. 'पुण्याला या' हे कुरिअरवरचं उत्तर नाही. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाला पार्सलासाठी कोणी गाव सोडायला लावत नाही.

पत्त्याचं बोलायचं तर आपले पत्ते कागदासाठी झालेलेच नाहीत. एका वाडीत एकाच आडनावाची तीस घरं. घर नंबर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर असतो, तो ना दारावर असतो ना कोणाच्या डोक्यात. आपण कसं सांगतो? 'गुरवाच्या घराच्या खालच्या अंगाला, फणसाखालून.' आता तो फणस मागच्या वादळात पडला, तरी पत्ता तोच! माझ्या नवऱ्याच्या नावा-आडनावाचे आमच्या वाडीत तिघं आहेत. आमचा मिक्सर त्यातल्या एकाकडे गेला. चार दिवस त्यांनी वापरला, मग बिलावरचा नंबर पाहून 'अगो, हा तुमचा काय?' म्हणत वहिनी स्वतः घेऊन आल्या. जार धुतलेला होता, पण लसणीच्या चटणीचा वास अजून गेला नाही.

म्हणून पत्त्यात घर शोधायची खूण देऊ नका, पार्सल ठेवायची जागा द्या. वरच्या रस्त्यावर, पाखाडी जिथे सुटते तिथे काय आहे? गिरणी, किराणा दुकान, रेशनचं दुकान, काहीतरी असेलच. त्या दुकानदाराशी आधी बोला. तो हो म्हणाला की पत्ता असा लिहायचा: तुमचं पूर्ण नाव, वाडी, मग 'रस्त्यालगतच्या अमुक दुकानात देणे', गाव, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, पिनकोड. घराची खूण नंतर, जागा उरली तर. छापताना पत्त्याचं शेपूट बरेचदा कापलं जातं, त्यामुळे दुकानाचं नाव पहिल्याच ओळीत येऊ द्या. नकाशावर खूण टाकायची सोय असेल तिथेही ती दुकानावर टाका. घरावर टाकलीत तर नकाशा त्या पोराला दर्याकडून बोलावील.

दुकानाचा आणखी एक फायदा, तिथे रेंज असते. तुमच्या घरी कशी असते मला ठाऊक नाही, आमच्याकडे खळ्यात तुळशीजवळ उभं राहिलं तर दोन काड्या, पडवीत आलं की शून्य. आईचा नंबर टाकला आणि मोबाइल माजघरात उशाला पडून राहिला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पार्सल यायच्या दिवशी फोन रेंजमध्ये ठेवा. ओटीपी मात्र खोकं तुमच्या किंवा दुकानदाराच्या हातात पडल्यावरच सांगायचा. 'काकू, आकडा सांगा, उद्या आणून देतो' असं कोणीही म्हटलं, वरच्या वाडीतल्या पोराने म्हटलं तरी, नाही म्हणायचं. आकडा सांगितला की पार्सल पोचलं असं कागदावर चढतं, आणि मग भांडायला तुमच्या हातात काही राहत नाही.

याच ओघात एक सांगते. 'तुमचा पत्ता अपुरा आहे, दोन रुपये भरा' अशी लिंक आली तर तिला हात लावू नका. पोस्टाच्या नावानेही अशी फसवाफसवी चालते. आणि कुरिअर कंपनीचा नंबर नेटवर शोधू नका, तिथे चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. ज्या अॅपवरून मागवलं त्याच अॅपमधून बोला. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

सातारा कुठून आलं, असंही तुम्ही विचारलं असतंत. गुहागरचा पिन ४१५७०३, चिपळूणचा ४१५६०५, आणि साताऱ्याचा ४१५००१. पहिले तीन आकडे एकच. शेवटच्या तिनांत कोणी घोळ घातला की तुमची गादी सह्याद्रीच्या पलीकडे उतरते. तुमच्या मुलाने पिन बरोबर टाकलाय ना, एकदा पडताळा. गावच्या पोस्टात विचारा, तालुक्याचा पिन आणि तुमच्या गावाचा पिन एकच असेल असं धरून चालू नका. आणि गंमत अशी की हा पिनकोड ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातलेच. पोस्टखात्यातले मोठे अधिकारी, शिवाय संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ला पिन सुरू झाला, तो एकाच नावाची गावं आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांच्या गोंधळातून वाट काढायला. कोकणातल्या माणसाला एका नावाची दहा घरं म्हणजे काय, हे कोणी वेगळं समजावायला नको.

पोस्टावरून आठवलं. मुलगा स्वतः वस्तू विकत घेऊन पाठवणार असेल, तर सरळ स्पीड पोस्ट करायला सांगा. कंपनीची ऑर्डर असली तरी विक्रेत्याला विचारून बघा, काही जण पोस्टाने पाठवतात. तुमच्या गावच्या शाखा डाकघरात जो ग्रामीण डाक सेवक आहे, तो तुम्हाला चेहऱ्याने ओळखतो. सासरे आजारी आहेत, सून बारा वाजता देवपूजा करते, दुपारी डोळा लागतो, सगळं त्याला माहीत. त्याला 'घर बंद होतं' लिहायचा धीर होणार नाही! ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टातही ओटीपी घेऊन बटवडा करायची सोय आली आहे. ती जास्तीची सोय आहे, घ्यायलाच हवी असं नाही. तुमच्या रेंजचा विचार करता मुलाने ती घेऊ नये.

तक्रारीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात तुमचा फारसा हात नाही. तक्रार त्या पोराकडे नव्हे, ज्याला पैसे दिले त्याच्याकडे, म्हणजे ज्या साइटवरून मागवलं तिच्याकडे, आणि ती करायची ती मुलाने, त्याच्या खात्यातून, लेखी. 'घर बंद'चा मेसेज आला की लगेच स्क्रीनशॉट, कॉल आला होता की नव्हता ते, आणि 'घरी माणसं होती' ही एक ओळ. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तुमच्यासाठी रत्नागिरीला. राहत्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. डायपरच्या खोक्यासाठी इतकं कोणी करत नाही, मलाही माहीत आहे. पण १९१५ला फोन लावायला काही पडत नाही. गादीचे पैसे अजून परत आले नसतील तर त्यासाठी तरी लावाच.

आता चुकलं का.

राग आला त्यात काही चुकलं नाही. अंथरुणातला म्हातारा ओल्यात पडलाय आणि कोणी म्हणतंय घर बंद होतं, तर मीही चिडले असते. खोटारडा म्हणालात, तेही मी चालवून घेते. पण बापाचं नाव काढलंत, आणि तेही पोरगा आपल्याच गावचा आहे हे कळल्यावर, ते चुकलं. फोन एकट्या पोराने ऐकला असेल, घरी गेल्यावर आईने विचारलं असेल, 'कोणाचा रे फोन?' त्याने सांगितलं असेल किंवा नसेलही. आईला मात्र कळलं. बचत गटात ती उठून दुसरीकडे बसली, काही बोलली नाही. मला तर त्या बाईचं कौतुक वाटतं.

आणखी एक विचार करा. वरच्या वाडीतलं ते पोरगं गावात का आहे? त्याच्या बरोबरीचे बाकीचे मुंबईला, पुण्याला, नाहीतर लोट्याच्या एमआयडीसीत गेले. हा मागे राहिला, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर पोतं बांधून पावसात फिरतोय. तुमच्या खाली पाखाडीने उतरणारं तरणं माणूस महिन्यातून किती वेळा येतं? रात्री-अपरात्री सासऱ्यांना उचलून गाडीत घालायची वेळ आली तर वरच्या वाडीतून कोण येणार, याचाही हिशेब असू द्या. मी घाबरवत नाही. गावात राहायचं तर हा हिशेब लागतो, आणि तो तुमच्या मुलाला पुण्यात बसून दिसणार नाही.

तर गणपतीच्या आधीच त्यांच्याकडे जा. नंतर घरोघरी पाहुणे असतात, बोलायला निवांतपणा मिळत नाही, आणि आरतीच्या वेळी सगळ्यांदेखत समोरासमोर येणं जास्त अवघड. दुपारी जा, तो पार्सलं वाटायला बाहेर असेल तेव्हा. आधी आईशी बोला, पोराशी नंतर. 'माझं डोकं फिरलं होतं, तुझ्या घरधन्याचं नाव घ्यायला नको होतं' एवढं पुरे. पार्सलचा विषय त्या दिवशी काढू नका, तिने काढला तरी 'ते बघू गं' म्हणा. माफीच्या पाठोपाठ काम सांगितलं की माफी कामासाठी होती असं वाटतं.

दोन-चार दिवसांनी तो भेटेल तेव्हा विचारा: 'तुला आमच्या वाडीत द्यायला सोपं कसं पडेल?' बहुतेक तो स्वतःच दुकानाचं नाव घेईल. कुठल्या वारी तो तुमच्या बाजूला येतो, तेही विचारून घ्या. आठवड्यातला एखादा दिवस ठरलेला असतो यांचा, ट्रॅकिंगवर काहीही दिसो. मग वाडीतल्या बाकीच्या घरांनाही सांगा, सगळ्यांचा पत्ता एकच दुकान ठेवा. चार-पाच घरांची पार्सलं एका जागी उतरवायची असली की त्याची फेरी वाया जात नाही. दुकानदाराला मात्र फुकट राबवू नका. चहा-साखर तरी त्याच्याकडूनच घेत चला.

जाताना हात हलवत जाऊ नका. मांडवावर तवशी, म्हणजे काकड्या, धरली असतील, त्यातलं एक कोवळं तोडून न्या. जून झालेलं राहू द्या, गणपतीत गोडाच्या धोंडसाला लागेल.